उलट्या चकल्यांचा सोऱ्या

मित्रांनो, मला ओळखणारे तुमच्यात फारसे कुणी नसतील, हे मी धरूनच चालतो. परवा तुमच्याच वयाच्या एका मुलीने मला दोन्ही हातांनी उचलले आणि आईला विचारले, "मम्मा, ये डंबल है क्या?" पितळेचा आहे, वजनदार आहे, सगळे मान्य. पण डंबल! अहो, मी सोऱ्या आहे. चकल्या पाडायचा जुना सोऱ्या. माझ्या पोटात मळलेले पीठ भरायचे, तळाशी चांदणीच्या भोकाची चकती बसवायची आणि वरची मूठ फिरवायची, की आतला मळसूत्री दांडा खाली उतरतो आणि पीठ काटेरी दोरीसारखे बाहेर येते. ती दोरी कागदावर गोल गोल फिरवली की झाली चकली. जन्मभर गोल गोल फिरत आलो, त्यामुळे गोष्टही थोडी फिरून फिरून सांगेन. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म पुण्यातल्या एका तांबटाच्या कारखान्यात झाला. भट्टीत वितळलो, साच्यात ओतला गेलो, मग घासून घासून गुळगुळीत झालो. मला घडवणाऱ्या म्हाताऱ्या तांबटाने मळसूत्राला तेल लावले, मूठ फिरवून पाहिली आणि शेजारच्याला म्हणाला, "हा नातवंडांपर्यंत जाईल बघ." ते वाक्य मी अजून विसरलो नाही. वय झाले की आपली जुनी स्तुती फार नीट आठवते.

सातारा जिल्ह्यातल्या एका आईने मला आपल्या लेकीच्या रुखवतासाठी विकत घेतले. लेकीचे नाव कौशल्या. त्या काळी लग्नात द्यायच्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते मुलीच्या हवाली करत नसत. भांडीवाल्याने बारीक टोकाच्या यंत्राने टकटक करत माझ्या अंगावर 'सौ. कौशल्या' अशी अक्षरे कोरली. गुदगुल्या झाल्या, थोडे दुखलेही. पण त्या दिवसापासून मी कुणाचा तरी झालो. नाव नसलेली भांडी कार्यालयात इकडची तिकडे होतात. नाव असलेले भांडे घरी परत येते.

कौशल्याचे यजमान हणमंतराव फौजेत होते. फौजीचा संसार म्हणजे काळ्या लोखंडी ट्रंका. मी त्यातल्याच एका ट्रंकेत, घोंगडी आणि पुरणयंत्र यांच्यामध्ये बसून निम्मा भारत फिरलो. महूला बदली झाली तेव्हा त्यांना मुलगी झाली. तिकडच्या नदीवरून हणमंतरावांनी तिचे नाव क्षिप्रा ठेवले. पुढे दोन वर्षांनी यतीन झाला आणि आम्ही सगळे दिल्लीच्या कॅन्टोन्मेंटमध्ये राहायला आलो.

क्षिप्रा उशिरा बोलायला लागली, उशिरा चालायला लागली. डॉक्टरांनी कौशल्याला नीट समजावून सांगितले की हे बौद्धिक अपंगत्व आहे, हा काही आजार नाही. ती शिकेल, पण तिच्या वेगाने शिकेल आणि काही गोष्टींना तिला नेहमीच सोबत लागेल. कौशल्या त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन खूप रडली. मी फळीवरून पाहत होतो. मग तिने तोंड धुतले आणि भाजी चिरायला घेतली. दोन शाळांनी क्षिप्राला नाही म्हटले, तिसरीने घेतले, पण वर्षभरात मागच्या बाकावर बसवून विसरून गेली. तेव्हा कौशल्याने तिला आणखी एक शाळा काढून दिली. ती शाळा स्वयंपाकघरात भरायची आणि तिथला एक मास्तर मी होतो, हे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

क्षिप्रा डावखुरी. कौशल्या उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि डाव्या हाताने मला धरून घड्याळाच्या काट्यासारखी चकली पाडायची. क्षिप्राने मला हातात घेतले ते नेमके उलटे. मूठ डाव्या हातात, मी उजव्या हातात, आणि चकली काट्यांच्या विरुद्ध दिशेने! कौशल्याने तिचा हात धरून सुलट करून पाहिला. हात सुटला की पुन्हा उलट. शेवटी कौशल्याच म्हणाली, "असू दे. तुझी तशी, माझी अशी."

आता एक गंमत सांगतो. चकली पाडून झाली की तिचे शेवटचे टोक बोटाने दाबून चिकटवावे लागते, नाहीतर तेलात ती उलगडून तिचा साप होतो. क्षिप्रा ते टोक विसरायची. मग कौशल्याने तिला सांगितले, "ही चकलीची शेपूट. हिला झोपवायचं. झोप म्हणायचं आणि थोपटायचं." झाले! त्या दिवसापासून क्षिप्राने एकही शेपूट जागी ठेवली नाही. प्रत्येक चकलीला अंगठ्याने दाबायची आणि हळूच म्हणायची, "झोप." थंडीची चाहूल लागलेली दुपार, भाजणीचा वास, बाहेर कवायतीच्या शिट्ट्या आणि आत ती आपली एकेका चकलीला झोपवते आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कोणते असे विचाराल, तर तेच.

हणमंतराव सुभेदार होऊन निवृत्त झाले. गाझियाबादला एका मोठ्या सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला. आसपास निरनिराळ्या राज्यांतली माणसे, पण मराठी घरेही बरीच, आणि जिथे चार मराठी घरे जमतात तिथे मंडळ निघतेच. गणपती झाले की हे मंडळ दिवाळीच्या फराळाच्या मागे लागायचे. सोसायटीच्या हॉलमध्ये बायका एकत्र बसून फराळ करायच्या, थोडा लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला ठेवायच्या आणि बाकीचा डब्यांत भरून घरोघर द्यायच्या. हे सगळे बघायच्या संपदाताई. त्यांचा आवाज एवढा खणखणीत की फोन कानाला न लावताही ऐकू यायचा. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन ठरलेला.

"कौशल्याताई, येताय ना? क्षिप्राला पण घेऊन या!"

"येतो की. सोऱ्या माझा, पीठ तुमचं," कौशल्या म्हणायची. दर वर्षी हेच वाक्य. शेजारी बसलेली क्षिप्रा ते आवाज न करता नुसत्या ओठांनी म्हणायची.

पहिल्या वर्षी हॉलमध्ये थोडी कुरबूर झालीच. एक काकू ताटात डोकावून म्हणाल्या, "अगं बाई, या सगळ्या उलट्या! नैवेद्याला नकोत हं या." कौशल्या कढईवरून नजर न हलवता म्हणाली, "काकू, लक्ष्मी काय चकली फिरवून फिरवून बघते? कुठूनही मोडली तरी खुसखुशीतच लागणार आहे." सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. मग हळूहळू असे झाले, की डबा उघडला की मुले आधी उलटी चकली शोधायची. ज्याला ती मिळेल तो मिरवायचा. आणि 'झोप' म्हणायची सवय तर सगळ्यांनाच लागली. मोठमोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या बायका हॉलमध्ये मांडी घालून चकलीला थोपटायच्या आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायच्या, "झोप." मला त्यांची गंमत वाटायची.

अशी बरीच वर्षे गेली. हणमंतराव गेले. यतीन मोठा झाला, घरूनच संगणकावर काम करू लागला. क्षिप्राच्या केसांत एखाददुसरा पांढरा केस दिसू लागला. तरी हॉलमध्ये कुणी ना कुणी तिचा गाल ओढून "कसं आहे आमचं बाळ?" असे विचारायचेच. पस्तिशीच्या बाईचा गाल ओढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण मी पडलो पितळ. बोलणार काय?

आणि मग एका उन्हाळ्यात कौशल्या गेली.

मंडळातल्या सगळ्या भेटायला आल्या. सगळ्या खऱ्याखुऱ्या रडल्या. क्षिप्राच्या डोक्यावरून हात फिरवून "बिचारी" म्हणाल्या आणि यतीनला विचारले, "ती जेवते ना? तिला कळलंय ना?" क्षिप्रा तिथेच, त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिला कुणीच काही विचारले नाही. यतीनने आईचे सामान आवरले तेव्हा मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवले. तांबटाचे वाक्य तेव्हा मला पहिल्यांदा खोटे वाटले.

माळ्यावरून खालचे सगळे दिसत नाही, पण ऐकू येते. क्षिप्राने आईचा मोबाईल स्वतःकडे ठेवला होता. रोज सकाळी ती तो चार्जिंगला लावायची. यतीनला वाटायचे, आठवण म्हणून लावत असेल. मला माहीत होते, ती दसऱ्याची वाट पाहते आहे.

दसरा आला. गेला. दुसऱ्या दिवशी ती फोन मांडीवर घेऊन दिवसभर सोफ्यावर बसली. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. संपदाताई काही वाईट बाई नव्हेत. पण त्यांचा फोन असायचा कौशल्याला. कौशल्याच नाही, तर फोन कुणाला करायचा? क्षिप्रा त्यांच्या हिशेबी कौशल्याबरोबर यायची, जसा मी यायचो.

संध्याकाळी यतीन तिच्याजवळ येऊन बसला. "तायडे, या वर्षी राहू दे गं. तिथे गेलीस की तुला आईची आठवण येईल. आपण बाहेरून मागवू चकली, ओके?" तो मायेने बोलत होता, यात शंका नाही.

रविवारी सकाळी माळ्याखाली स्टूल सरकल्याचा आवाज झाला. डावा हात आत आला, वर्तमानपत्र फाडले गेले आणि मी उजेडात आलो. तिने मला सिंकमध्ये नेले, चिंचेच्या कोळाने चोळले, पुसून कोरडे केले. मळसूत्राला तेलाचे बोट लावले. मग मला पिशवीत घालून, ओढणी गाठ मारून बांधून, चपला घालून ती दारात उभी राहिली.

"कुठे निघालीस?" यतीन खोलीतून धावत आला.

"चकली."

"अगं, पण आपल्याला बोलावलं नाहीये त्यांनी."

"आईला बोलवायच्या," क्षिप्रा म्हणाली. मग बराच वेळ थांबून म्हणाली, "आई गेली. मी आहे ना?"

मी पिशवीत होतो, मला यतीनचा चेहरा दिसला नाही. पण त्याने चपला पायात सरकवल्याचे ऐकले.

हॉलमध्ये पोचल्यावर पिशवीचे तोंड जरा उघडले आणि मी बाहेर डोकावलो. नेहमीचीच गडबड होती. फरक एवढाच की भिंतीला विजेवर चालणारे नवे यंत्र लावले होते, घुर्र घुर्र करत सारख्या मापाच्या चकल्या सोडणारे. असो. त्याच्याविषयी मी काही बोलत नाही, लोक म्हणतील म्हातारा जळतो. आम्हाला पाहून संपदाताई गडबडल्या. "अय्या, बाळा, तू कशाला आलीस? ये, ये." त्यांनी लगबगीने एक खुर्ची पंख्याखाली ओढली, क्षिप्राला बसवले, तिच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला आणि यतीनला विचारले, "बरी आहे ना रे ती? बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस. बसू दे तिला इथे थोडा वेळ, करमेल."

सगळ्या जमिनीवर आणि क्षिप्रा एकटी खुर्चीवर. मान द्यायला म्हणून दिलेली खुर्ची होती ती. पण इतक्या वर्षांत तिला या हॉलमध्ये कुणी इतके लांब बसवले नव्हते. तिने बिस्किटे उघडली नाहीत. मला पिशवीसकट छातीशी घट्ट धरून ठेवले. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती, आणि मित्रांनो, पितळेलाही कधी कधी रडू येते.

एवढ्यात समोरून आवाज आला, "झोप." कुणीतरी चकलीची शेपूट दाबली होती. मग दुसरीकडून, "झोप." तिसरीकडूनही. त्या वर्षी अर्पिता नावाची एक मुलगी नव्याने आली होती. परभणीची, दिल्लीत मोठ्या परीक्षेचा अभ्यास करणारी. दिवाळीला घरी जाता येणार नव्हते, म्हणून मावशीकडे गाझियाबादला आलेली. ती हसत म्हणाली, "काकू, एक विचारू का? तुम्ही सगळ्याजणी हे 'झोप' का म्हणता? आमच्या परभणीत असं कुणी म्हणत नाही."

"अगं, मंडळाची पद्धतच आहे ती," कुणीतरी म्हणाले. "पहिल्यापासून."

"माझं आहे ते."

आवाज खुर्चीवरून आला होता. मोठा नव्हता. पण सगळ्यांचे हात थांबले. यंत्र तेवढे घुर्र घुर्र करत राहिले, मग तेही कुणीतरी बंद केले.

संपदाताईंच्या बोटाखाली एक शेपूट दाबायची राहिली होती. अर्पिता उठली, पिठाचे हात तसेच घेऊन खुर्चीसमोर येऊन खाली बसली. "ताई, तुमचं आहे होय? मला माहीतच नव्हतं. तुम्हाला काय करायचंय आता? इथे बसायचंय, की तिकडे आमच्यात?"

यतीनने उत्तर द्यायला तोंड उघडले. इतकी वर्षे तिच्या वतीने बोलायची सवय. पण अर्पिता त्याच्याकडे पाहतच नव्हती, ती क्षिप्राकडे पाहत होती. क्षिप्राला शब्द जुळवायला वेळ लागतो. अर्पिता थांबली. यतीनने तोंड मिटले. सगळा हॉल थांबला. मी या जगात पुष्कळ फराळ पाहिले, पण तिच्या उत्तरासाठी एवढी माणसे थांबलेली पहिल्यांदाच पाहिली.

"चकली पाडायची," क्षिप्रा म्हणाली. "आणि फोन मला करायचा. आईचा फोन माझ्याकडे. मी वाट बघितली."

संपदाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. पदराने पुसायला जावे तर हाताला पीठ. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ताई नाहीत तर..." पुढचे वाक्य त्यांनाच पुरे करता येईना. त्या उठल्या, हात धुऊन आल्या आणि पर्समधून मोबाईल काढून क्षिप्राच्या शेजारी टेकल्या. त्यात कौशल्याताईंचा नंबर होता. तिच्या देखत त्यांनी ते नाव पुसले आणि तिथे 'क्षिप्रा' असे लिहिले. क्षिप्राने वाकून नीट पाहिले आणि मान डोलावली. मग खुर्ची मागे सरकवून ती खाली, कागदापाशी जाऊन बसली.

आता तुम्हाला वाटेल, तिने सुरेख चकल्या पाडल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तसे काही झाले नाही. यंत्राचे पीठ माझ्यासाठी जरा घट्ट होते, पहिल्या दोन्ही चकल्या तुटल्या. क्षिप्रा रडवेली झाली. अर्पिताने पीठ पाण्याच्या हाताने पुन्हा मळून दिले. तिसरी जमली. काटेरी, उलटी, जराशी वाकडी. तिने अंगठ्याने शेपूट दाबली आणि म्हणाली, "झोप." कुणीतरी दबक्या आवाजात म्हणाले, डब्यांत सगळ्या एकसारख्या दिसायला हव्यात ना. संपदाताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "दिसू देत वेगळ्या!" यतीन खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

दिवाळीनंतर एका शनिवारी यतीन आम्हाला दोघांना मेट्रोने पहाडगंजला घेऊन गेला. तिथे भांड्यांची दुकाने ओळीने आहेत. नाव कोरणाऱ्याने मला उलटसुलट फिरवून पाहिले. "पुराना माल है, भाईसाहब. क्या लिखना है?" यतीन बोलणार होता, पण थांबला आणि बहिणीकडे वळला. तो आता थांबायला शिकला होता.

"क्षिप्रा," तिने स्वतःच सांगितले.

"कौशल्या मिटा दूँ?"

"नहीं," ती म्हणाली. "मम्मी ऊपर. मैं नीचे."

पुन्हा तीच टकटक, त्याच गुदगुल्या. एवढ्या वर्षांनी पुन्हा दुखले आणि फार बरे वाटले. त्या घरात तिचे नाव कोरलेले एकही भांडे नव्हते. लग्न झाले नाही, रुखवत नाही, मग नाव कशावर घालणार, असेच सगळे धरून चालले होते. मला विकत घेणाऱ्या त्या आईची ती नात, तेव्हा तांबटाचे बोलणे शेवटी खोटे ठरले नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला घासा, पुसा, अडगळीत टाकू नका, असे म्हणतात. मलाही चिंच आवडते, नाही म्हणत नाही. पण माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या वर्गात, जिन्यात, मैदानाच्या कडेला क्षिप्रासारखे कुणी असेल, तर त्याच्या आईला विचारून परत फिरू नका. त्यालाच विचारा, तुला काय करायचंय? आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर उशिरा आले म्हणून ते नाही असे समजू नका. त्याला खेळायला बोलवायचे असेल तर त्याच्याच नावाने बोलवा. बिचारे म्हणून जवळ घेतलेले माणूस लांबच राहते, हे मी पंख्याखालच्या त्या खुर्चीवर, तिच्या मांडीवर बसून पाहिले आहे.

काल दसरा होता. आज सकाळी क्षिप्राने नेहमीप्रमाणे फोन चार्जिंगला लावला आणि मला ओट्यावर घेऊन पुसायला बसली. यतीन चहा गाळत होता. फोन वाजला. यतीन जागचा हलला नाही. तिने हात पुसले, फोन उचलला, आणि तो खणखणीत आवाज सगळ्या स्वयंपाकघराने ऐकला.

"क्षिप्रा, येतेस ना गं?"

तिने थोडा वेळ घेतला. पलीकडच्या बाजूला संपदाताई थांबून राहिल्या.

"येते," क्षिप्रा म्हणाली. "सोऱ्या माझा, पीठ तुमचं."